ऑपरेशननंतरची सातवी रात्र

पत्र

सर, मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चार वर्षांपासून कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते. दिवाळीच्या आधी आठ वर्षांच्या एका मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन केलं. वर्षात सात-आठ वेळा घसा धरायचा, रात्री घोरायची. वजन 18 किलो, हिमोग्लोबिन 9.2. आईवडील ऊसतोडीला जाणारे. "टोळी निघायच्या आत करून टाका" म्हणाले, म्हणून लगेच तारीख दिली. बायपोलरनं (विजेच्या उष्णतेनं जाळणाऱ्या चिमट्यानं) काढले, ऑपरेशन सरळ झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आईला सगळं समजावून सांगितलं, कार्ड दिलं. पुढं आईवडील कारखान्यावर गेले आणि मुलगी आजीपाशी राहिली.

सातव्या रात्री रक्त सुरू झालं. आजीच्या लक्षात आलं ते पहाटे, काळपट उलटी झाल्यावर. गाव माझ्यापासून 55 किलोमीटर. जीप मिळून पोचायला दहा वाजले. नाडी 150 च्या पुढं, हिमोग्लोबिन 5.8. थिएटरमध्ये घेतलं, टाके घातले, रक्त दिलं. आता मुलगी बरी आहे.

मी बरी नाही. चार वर्षांत दीडशेच्या आसपास टॉन्सिल केले, हा माझा पहिलाच रक्तस्राव. वडील कारखान्यावरून आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कशानं झालं, मॅडम?" मी म्हणाले, "होतं कधीकधी." ते उत्तर मला झोपू देत नाही. एक सीनियर म्हणाले, जास्त लिहू नका, कुणाशी बोलू नका, उद्या अंगाशी येईल. माझं नेमकं काय चुकलं? टॉन्सिल करणं बंद करू का? पुढच्या आठवड्यात दोन केसेस लागल्या आहेत.

उत्तर

डॉक्टर,

मुलगी वाचली, आणि तुमच्या हातून वाचली. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञांना बोलावणं, पोटात रक्त भरलेल्या लेकराला भूल देणं, रक्ताची पिशवी मिळवणं आणि वेळेत टाके घालणं किती कठीण असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. तुमच्या पत्रात या सगळ्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे. तिला मी कमी लेखणार नाही, तुम्हीही लेखू नका.

आता त्या वाक्याकडे येतो ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. वडिलांना दिलेल्या उत्तराबद्दल पुढं बोलूच. माझं बोट अडलं ते "हा माझा पहिलाच रक्तस्राव" यावर.

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2003-04 साली टॉन्सिलच्या ऑपरेशनांची देशपातळीवर नोंद ठेवली गेली. 33,921 रुग्ण. त्यातल्या सुमारे 3.5 टक्के रुग्णांना नंतर रक्तस्राव झाला, आणि जवळपास शंभरात एकाला पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं. चांगली रुग्णालयं, शिकलेले हात, तरीही. हा हिशेब तुमच्या दीडशेला लावला तर पाच रक्तस्राव व्हायला हवेत. मुलांमध्ये प्रमाण मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि तुमचे बरेचसे रुग्ण लहान असणार, म्हणून तीन-चार धरा. मग ते कुठं गेले?

तुमचा हात विलक्षण चांगला असेलही. पण मराठवाड्यात इतकी वर्षं काम केल्यावर मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. एखाद्या लेकराला आठव्या दिवशी थोडं रक्त आलं, घरच्यांनी मीठ-हळदीच्या गुळण्या दिल्या, थांबलं. दुसऱ्याला गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तिसरं कारखान्याच्या अड्ड्यावर, कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) आजारी पडलं आणि त्याला तिथल्याच दवाखान्यात नेलं. तुमच्यापर्यंत बातमीच आली नाही. तेव्हा ही मुलगी तुम्हाला कळलेला पहिला रक्तस्राव आहे, एवढंच आपण खात्रीनं म्हणू शकतो. गुंतागुंतीतून शिकायचं म्हणतो आपण, पण आधी ती कळायला तर हवी. आपल्याकडे रुग्ण दुसऱ्या दिवशी एसटीत बसला की डॉक्टरच्या नजरेआड होतो, आणि न परतलेला रुग्ण म्हणजे बरा झालेला रुग्ण, असं आपण धरून चालतो.

बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होऊन गेले. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढं काय झालं हे सर्जननं शोधून काढलं पाहिजे आणि जाहीर केलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो मुळीच रुचला नाही. मग त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. 1911 ते 1916 या काळात तिथून घरी गेलेल्या 337 रुग्णांचा पाठपुरावा केला आणि त्यांच्या उपचारांतल्या 123 चुका छापून प्रसिद्ध केल्या. शंभर वर्षं उलटली, तरी हे करायला आजही छाती लागते. तुम्हाला छापायचं नाही, पण मागं जाऊन विचारता नक्की येईल. जुन्या दीडशे केसपेपरांवर फोन नंबर असतील. तुमच्या सिस्टरला रोज दुपारी चार-पाच फोन करायला सांगा. "ऑपरेशननंतर घशातून रक्त आलं होतं का? कितव्या दिवशी? कुठं दाखवलं?" निम्मे नंबर बंद असतील. उरलेल्यांतून जे कळेल ते कोणत्याही परिषदेत मिळणार नाही.

आता या मुलीच्या केसकडे येऊ. माझं काय चुकलं, असं तुम्ही विचारता. मी प्रश्न थोडा बदलून घेतो. तारीख दिल्यापासून टाके घातले तोपर्यंत अशा कोणत्या जागा होत्या जिथं वेगळं काही करता आलं असतं?

हातापासून सुरुवात करतो, कारण आपण सगळे तिथंच अडकतो. टॉन्सिल काढलेल्या जागेवर पांढुरकी खपली धरते. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती सुटते, आणि सुटताना खालची शीर उघडी पडली की रक्त येतं. हा दुय्यम रक्तस्राव. पहिल्या 24 तासांतला रक्तस्राव बहुधा टाक्याचा किंवा बांधणीचा असतो. हा तसा नसतो, त्यामुळं "मी नीट बांधलं नसेल" ही टोचणी या केसला तशीच लावता येत नाही. तरीही हात पूर्ण सुटला असं म्हणणार नाही. मघाशी सांगितलेल्या नोंदीतच दिसलं होतं की, उष्णता न वापरता साध्या अवजारांनी काढून शिरा बांधल्या तिथं रक्तस्राव कमी होता, आणि काढायलाही व रक्त थांबवायलाही उष्णता वापरली तिथं जास्त. बायपोलर सोडा असं माझं म्हणणं नाही. पॉवर किती ठेवता, एका जागी टोक किती वेळ टेकवता, आणि खालच्या टोकाशी काय करता, हे बघा. टॉन्सिलची मुख्य धमनी खालच्या टोकाशी, जिभेच्या मुळाजवळ शिरते. तिथं दिसणं कठीण, ओल साचलेली असते, आणि नेमकं तिथंच हात घाईनं तीन-चार वेळा जाळून मोकळा होतो. तिथं एक टाका किंवा रेशमाची गाठ घेण्याइतका वेळ काढा. तुम्ही टाके घातले तेव्हा रक्त कुठून येत होतं? गुठळी काढल्यावर जागा दिसली असणार. ऑपरेशन नोटमध्ये "रक्तस्राव थांबवला" एवढंच लिहिलं असेल, तर आठवण ताजी आहे तोवर वहीत चित्र काढून ठेवा. कोणती बाजू, वरचं टोक की खालचं, धार होती की पाझर. अशा दहा नोंदी जमल्या की तुमचा हात कुठं चुकार आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

पण माझ्या मते या केसचा मोठा धडा थिएटरबाहेर आहे.

मुलगी 18 किलोची. लहान मुलांच्या अंगात किलोमागे साधारण 75 मिलीलीटर रक्त धरतात, म्हणजे हिच्या अंगात सगळं मिळून 1,350 मिलीलीटरच्या आसपास. हिमोग्लोबिन आधीच 9.2. तुमचे आकडे पाहता त्यातला तिसरा हिस्सा एका रात्रीत पोटात गेला, आणि उशीवर फारसा डागही पडला नसेल. अशा लेकराजवळ शिल्लक फार थोडी असते. टॉन्सिलचं ऑपरेशन हे ठरवून करायचं ऑपरेशन. दीड-दोन महिने लोहाचं औषध आणि जंताची गोळी देऊन हिमोग्लोबिन वर आणता आलं असतं. ऑपरेशन गरजेचंच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. वर्षात सात वेळा घसा धरणं हा मान्य निकष आहे. पण गरजेचं आणि घाईचं यांत फरक आहे.

आणि घाई कुणाची होती? मुकादमाची. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली, ट्रकची तारीख ठरलेली, त्या तारखेच्या आत पोरीचं काम उरकायचं. आईवडिलांच्या जागी आपण असतो तर हेच म्हटलं असतं. बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागात दसरा-दिवाळीच्या आगेमागे ही गर्दी आपल्या ओपीडीत दर वर्षी दिसते. तरीही ती तारीख देणं हा वैद्यकीय निर्णय होता आणि तो मुकादमाच्या कॅलेंडरवर झाला. पहिला दिवस तुमच्याकडे सुरक्षित गेला. धोक्याचे दिवस होते पाचवा ते दहावा, आणि ऐन त्या दिवसांत आईवडील दोनशे-तीनशे किलोमीटरवर होते. इथून पुढं तारीख देताना एक प्रश्न विचारत जा: दहाव्या दिवसापर्यंत रात्री या लेकराजवळ कोण झोपणार? उत्तर नीट आलं नाही तर तारीख पुढं ढकला. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, तेव्हा करा. किंवा दहा दिवस तालुक्यात पाहुण्यांकडे ठेवायची सोय होते का ते बघा. काही लेकरांना थांबणं परवडणार नाही, झोपेत श्वास अडकणारी असतात. त्यांच्यासाठी टोळीला दहा दिवस उशिरा जाता येईल का, हे तुम्ही स्वतः मुकादमाशी फोनवर बोला. डॉक्टरचा फोन आला की पुष्कळदा ऐकतात.

तुम्ही आईला सगळं समजावून सांगितलं. चांगलं समजावलं असणार. पण आई ट्रकात बसून गेली आणि तिच्याबरोबर तुमच्या सूचनाही गेल्या. कार्ड आजीच्या फडताळात राहिलं असेल, पण आजीला वाचता येतं का? त्या रात्री ती पोरगी झोपेत सारखी गिळत असणार. घशामागून ओघळणारं रक्त लहान मूल थुंकत नाही, गिळतं. आजीनं ते ऐकलंही असेल, आणि घसा दुखतोय म्हणून आवंढे गिळतेय असं तिला वाटलं असेल. दिव्याच्या उजेडात रक्त दिसलंच नाही, मग तिनं काय ओळखायचं? उलटी झाली तेव्हा पाच-सहा तास गेले होते.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी खाटेजवळ त्यालाच बसवा जो रात्री लेकराशेजारी झोपणार आहे. दुसऱ्याच्या घशाचा फोटो मोबाइलवर दाखवा, की ही पांढरी खपली पू नाही, हिला घाबरायचं नाही, बोट किंवा कापूस लावायचा नाही. मग सांगा, झोपेत सारखं गिळणं, तोंडातून ताजं लाल रक्त, काळी उलटी, अंग गार पडणं, यातलं एकही दिसलं तर उजाडायची वाट बघायची नाही. लेकराला बसतं करायचं, मान पुढं झुकवायची, थुंकू द्यायचं, खायला-प्यायला काही द्यायचं नाही, आणि निघायचं. सांगून झाल्यावर तुम्ही विचारा, "आजी, रात्री दोन वाजता पोरगी सारखी गिळायला लागली तर काय कराल?" आणि आजीला बोलू द्या. ती "सकाळी बघू" म्हणाली तर पुन्हा पहिल्यापासून सांगा. तिथंच गावातल्या जीपवाल्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या, 108 ला काय सांगायचं ते म्हणून घ्या. आणि 55 किलोमीटर तुमच्याकडेच यायला हवं असं नाही. त्या गावाहून थिएटर आणि रक्त दोन्ही असलेलं जवळचं ठिकाण कोणतं, हे आधी ठरवून ठेवा. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडत असेल तर तसं कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा. चौथ्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी सिस्टरचा फोन जाऊ द्या, तोही घरात जो आहे त्याच्या नंबरवर.

खाण्याचंही सांगा. आपल्याकडे टॉन्सिल म्हटलं की आठ दिवस नुसतं थंड दूध. दुखतं म्हणून लेकरू खात नाही, खात नाही म्हणून घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, ठरलेल्या वेळेला, दुखायची वाट न बघता. मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, आणि पाणी भरपूर.

आता वडिलांबद्दल. "होतं कधीकधी" हे खोटं नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं "कशानं". कारखान्यावरून खाडा धरून, मजुरी बुडवून आलेल्या माणसाला कारण ऐकण्याचा हक्क आहे, आणि ते अजूनही सांगता येईल. फोन करा, किंवा मुलीला तपासणीला आणतील तेव्हा बसवून सांगा. मी असतो तर असं सांगितलं असतं: "दादा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी नीट सांगितलं नाही. टॉन्सिल काढल्या जागी खपली धरते. ती सातव्या-आठव्या दिवशी सुटते, तेव्हा शंभरातल्या दोन-तीन जणांना रक्त येतं. तुमच्या लेकीला तसं आलं. पोरीच्या अंगात रक्त आधीच कमी होतं, आणि तुम्ही दोघंही जवळ नव्हता, त्यामुळं कळायला उशीर झाला. ही तारीख मी द्यायला नको होती, तुम्हाला थांबा म्हणायला हवं होतं. तुमच्या पोरीला त्रास झाला, त्याचं मला फार वाईट वाटतं. इथून पुढं मी अशी तारीख कुणाला देत नाही." एवढं बोलून गप्प बसा. ते काही बोलतील, चिडतीलही, ऐकून घ्या. आजीला मात्र कुणी दोष लावू देऊ नका. ती घरात हे ऐकत असणार आणि तिचाही जीव खात असणार. दुसऱ्या वेळी दाखल केल्याचं बिल अजून घेतलं नसेल तर घेऊ नका. लोक त्याचा वेगळा अर्थ काढतील अशी भीती घालणारे भेटतील. माझा अनुभव असा की माणसं कोर्टात जातात ती बहुधा कुणी बोलायलाच तयार नसतं तेव्हा.

आणि "लिहू नका" या सल्ल्याबद्दल स्पष्ट सांगतो, तो मुळीच मानू नका. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ठरवलं आहे. 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात त्याच न्यायालयानं म्हटलं की, उपचारात वाईट घडलं एवढ्यानंच डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो. ही ढाल तुम्हाला मिळते ती कागदामुळं. रुग्ण किती वाजता आला, नाडी किती, भूलतज्ज्ञांना फोन कधी गेला, रक्त कधी लागलं, हे वेळेसह लिहिलेलं हवं. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात, आणि मागितले तर 72 तासांत द्यायचे असतात. एकच पथ्य: जुन्या नोंदीत आता एक अक्षरही घुसडू नका. राहिलेलं लिहायचंच असेल तर आजची तारीख-वेळ घालून, उशिरा केलेली नोंद म्हणून लिहा. शिकण्याची वही वेगळी ठेवा, तिच्यात रुग्णाचं नाव नको.

ती वही एकटीनं वाचू नका. आपल्या परिषदांमध्ये कानाच्या सुंदर ऑपरेशनांचे व्हिडिओ तासन्‌तास चालतात, पण सातव्या रात्रीच्या रक्तस्रावावर कुणी उभं राहत नाही. याची मला खंत आहे, कारण तालुक्यात एकट्यानं काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. बीड, केज, परळी, लातूर, कुठलेही चार-पाच कान-नाक-घसावाले जमवा. महिन्यातून एक संध्याकाळ. ज्याची केस असेल त्यानं आधी फक्त वेळा सांगायच्या, काय झालं आणि किती वाजता. तो सांगत असताना "तुम्ही असं का नाही केलं?" हा प्रश्न कुणी विचारायचा नाही, तो मागाहून. भूलतज्ज्ञांना बोलवा, थिएटरच्या सिस्टरला बोलवा, आणि दवाखान्याचा फोन उचलणाऱ्या मुलालाही. त्या पहाटे आजीनं कुठला नंबर लावला होता, किती वेळा वाजला, हे कदाचित त्यालाच ठाऊक असेल. उठताना एकच गोष्ट ठरवायची जी सगळे उद्यापासून बदलतील, आणि पुढच्या महिन्यात ती झाली का हे आधी विचारायचं.

टॉन्सिल बंद करू का? नको. तुम्ही बंद केलं तर ही लेकरं लातूरला किंवा संभाजीनगरला जातील, ऑपरेशन करून दोन दिवसांत त्याच गावी परततील, आणि सातव्या रात्री रक्त आलं तर तालुक्यात ते थांबवणारं कुणी नसेल. भीती वाटते हे मात्र लपवू नका. पुढच्या काही केसेसना ओळखीच्या एखाद्या सर्जनला शेजारी उभं राहायला बोलवा. असं बोलावणं आलं तर कुठलाही भला माणूस येतो.

पुढच्या आठवड्यातल्या दोन केसेसचे कागद आजच काढा. हिमोग्लोबिन बघा, वजन बघा, घरात किंवा लेकराला जखमेचं रक्त लवकर न थांबण्याचा त्रास आहे का ते विचारा, आणि आईवडील कधी निघणार तेही विचारा. चारही गोष्टी ठीक असतील तर ठरलेल्या दिवशी करा. एखादी नसेल तर त्या घरी तुम्ही स्वतः फोन करून तारीख बदला. आणि या मुलीचं हिमोग्लोबिन महिन्यानं पुन्हा तपासा. रक्त दिलं म्हणून ते भरून आलं असं धरू नका, लोहाचं औषध निदान तीन महिने चालू ठेवा. आईवडील कारखान्यावर असले तर बाटली आजीच्या हातात द्या.